टाकीतली सुपारी

माझ्या रागाला लहानपणापासून सगळे हसत आले आहेत. शाळेत मला मिर्ची म्हणायचे. घरी अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे की हिच्या घरात चूल पेटवायला काडी लागणार नाही. त्यामुळे मी रागावले होते असं सांगितलं तर ओळखीच्या कोणाला नवल वाटणार नाही. पण मी सांगते आहे तो राग वर्ष होत आलं तरी गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

सुरुवात अण्णांच्या अंगठ्यापासून करावी लागेल. अण्णा दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची कामं करतात. श्राद्ध, पिंडदान, गंगापूजन. घाटाच्या वरच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या आहेत आणि आई गेल्यापासून तिथे आम्ही दोघंच असतो. अण्णांच्या उजव्या पायाला गाऊट आहे, इथले लोक सरसकट गठिया म्हणतात. रक्तातलं युरिक ॲसिड वाढतं, त्याचे सुईसारखे बारीक खडे सांध्यात साचतात आणि एखाद्या सकाळी अंगठा वांग्यासारखा जांभळा होऊन बसतो. त्यावर चादरीचं टोक टेकलं तरी अण्णांच्या डोळ्यांत पाणी येतं. नेहमीच्या गोळ्यांनी त्यांच्या पोटाची दैना होते, मूत्रपिंडं आधीच थकलेली, म्हणून डॉक्टर फार जपून देतात. म्हणजे देतच नाहीत म्हटलं तरी चालेल.

अशा पायाने हा माणूस घाट उतरतो. कारण नगरहून नाहीतर वाशीमहून कोणीतरी आलेलं असतं आणि फोन वाजतो, गुरुजी, आम्ही पोचलो.

"अण्णा, त्यांना सांगा आज तबियत ठीक नाही."

"अगं, ते बापाचं करायला आलेत इतक्या दुरून. त्यांना काय सांगू, माझा अंगठा दुखतोय?"

चप्पल पायात जायची नाही, म्हणून अनवाणी जायचे. भिंतीला हात लावत, दर पायरीला थांबत. अण्णांनी यजमानाला नाही म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. यजमानाने चुकीच्या वेळी पूजा मागितली तरी मुहूर्त काढून द्यायचे, दक्षिणेऐवजी नुसता नमस्कार केला तरी आशीर्वाद द्यायचे. मी गच्चीवरून त्यांना उतरताना बघायची आणि अंगाचा तिळपापड व्हायचा. यजमानांवर, अण्णांवर, आणि त्या अंगठ्यावर.

त्या अंगठ्यासाठी मी संशोधनात गेले असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण शहरातल्या ज्या प्रयोगशाळेत मला काम मिळालं तिथला विषय नेमका तोच निघाला, तेव्हा मात्र देव पावला असं वाटलं होतं. शरीरात जंतू शिरला किंवा काही टोचलं, की कोणाच्या हुकमाची वाट न बघता काही पांढऱ्या पेशी खवळतात. हे खवळणं आपण जन्मतःच घेऊन येतो. पेशीच्या आत चार प्रथिनं गोळा होऊन एक जुडगा बांधतात, आणि तो बांधला गेला की सूज, ताप, ठणका, सगळा दाह बाहेर पडतो. जंतूंसाठी हे ठीक आहे. पण युरिक ॲसिडच्या खड्यांना बघूनही या पेशी तशाच खवळतात, आणि खड्यांना त्याने काही होत नाही, माणूस मात्र रडतो. तो जुडगा बांधलाच जाऊ नये असा एखादा लहानसा रेणू शोधायचा, गोळीतून घेता येईल इतका लहान, हे आमचं काम होतं. रेणू एकेक करून पेशींवर घालायचे आणि कोणता त्यांना गप्प करतो ते बघायचं. पेशी ठेवतो त्या प्लेटमध्ये इवल्या इवल्या खळग्या असतात. पेशी खवळल्या असतील तर शेवटी खळगी पिवळी होते. गप्प राहिल्या असतील तर नितळ राहते. इतकी वर्षं मी त्या पिवळ्या रंगाच्या पाठी घालवली आहेत.

यात एक गोष्ट समजून घ्यायला हवी. या पेशी एका दमात खवळत नाहीत. आधी त्यांना जंतूंची चाहूल द्यावी लागते, म्हणजे त्या तयारीत येतात, आणि मग खडे दिले की जुडगा बांधतात. नुसते खडे घातले तर त्या ढिम्म बसून राहतात. सगळ्या जगात हे असंच आहे. आमच्याकडे मात्र नुसत्या खड्यांनी खळग्या पिवळ्याधमक व्हायच्या.

मी सरांना म्हटलं, हे बरोबर नाही, याचं कारण शोधू या. सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. गोड बोलणारा, चंदनाचा टिळा लावणारा, कोणाला दुखवणार नाही असा माणूस. असा माणूस किती नुकसान करू शकतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"हमारे सेल्स ज़्यादा सेंसिटिव हैं," ते हसून म्हणाले. "एक स्टेप बच रही है, और आपको तकलीफ़ हो रही है?"

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा हसून चहा मागवला. पुढे त्यांनी हीच गोष्ट आमची सुधारलेली पद्धत म्हणून भाषणांत सांगायला सुरुवात केली. मी मागच्या रांगेत बसून दात आवळत ऐकायची.

मग सतरा नंबर सापडला. रेणूंना आम्ही नंबर देतो, हा सतरावा. तो घातला की खळगी नितळ. कमी घातला तरी नितळ. पेशीही मरत नव्हत्या, मजेत जगत होत्या. त्या दिवशी माझी शंका मी स्वतःच गुंडाळून ठेवली, इतका आनंद झाला होता. घरी येऊन अण्णांना सांगितलं. त्यांनी देवासमोर खडीसाखर ठेवली आणि अर्धी माझ्या हातावर दिली.

सरांनी बातमी दिली. हिंदी पेपरात फोटो आला, गठियाची दवा बनारसमध्ये, असं मोठ्या अक्षरात. मी सरांना विचारलं, हे कशाला, अजून उंदरालाही दिलेलं नाही. ते म्हणाले, लोगों को उम्मीद चाहिए. ती उमेद दुसऱ्या दिवसापासून माझ्याच घरात येऊन बसली. अण्णांनी कात्रण देवघराच्या फळीवर ठेवलं. घाटावर यजमानांना सांगायला लागले, आमच्या मुलीने दवा शोधली आहे, थोडी फुरसत द्या, येईल बाजारात. अंगठा सुजला की विचारायचे, सतरा नंबर कुठवर आला. मी सांगायची की आधी उंदीर, मग माणसं, मग वर्षं जातात, आणि बहुतेक औषधं वाटेतच मरतात. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, जाऊ दे वर्षं, मी कुठे जातोय. त्या अंगठ्याच्या बाबतीत एवढा धीर मी त्यांच्यात कधी बघितला नव्हता, आणि तो माझ्या शब्दावर होता.

मग दक्षिणेतल्या ज्या प्रयोगशाळेला आम्ही तो पडताळायला पाठवला होता तिने कळवलं की सतरा नंबर त्यांच्याकडे काहीच करत नाही. सर म्हणाले, त्यांना पेशी वाढवता येत नाहीत. मलाही तेव्हा तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू, आणि त्यांची खोड मोडायची म्हणून मी एकेक गोष्ट बदलून प्रयोग पुन्हा लावायला घेतले. पेशी नव्या आणल्या. पिवळं. खडे नवे केले. पिवळं. प्लेटा, नळ्या, सगळं बदललं. शेवटी राहिलं पाणी. औषधाच्या दुकानातून इंजेक्शनचं पाणी आणलं, त्यात पेशींचं खाद्य बनवलं आणि नुसते खडे घातले.

सगळ्या खळग्या नितळ. सगळ्या जगात असतात तशा.

मग मी या स्वच्छ पाण्यात पेशींना रीतसर चाहूल दिली. त्यासाठी जंतूंच्या ऐवजी कारखान्यात बनवलेला एक शुद्ध पदार्थ वापरला. वर खडे घातले, वर सतरा नंबर घातला. खळग्या पिवळ्या झाल्या. सतरा नंबर घातलेल्या आणि न घातलेल्या शेजारी शेजारी, तंतोतंत सारख्या पिवळ्या. मी ती प्लेट उजेडाकडे धरून किती वेळ बघत बसले कोण जाणे.

पाण्यात काहीतरी होतं जे पेशींना आधीच खवळवत होतं. आमच्या विषयात असं काहीतरी म्हणजे एकच, जंतूंच्या कातडीचे तुकडे. जंतू उकळून मरतात, पण त्यांची कातडी उकळून जात नाही. आमचं सगळं पाणी रीतसर उकळलेलं होतं, वाफेच्या दाबाखाली. जंतू एक नव्हता, तुकडे मात्र भरपूर. आणि सतरा नंबर नेमका त्या तुकड्यांना चिकटून त्यांना गिळून टाकत होता, म्हणून पेशी तयारीत यायच्याच नाहीत. जुडग्याशी त्याचा काही संबंध नव्हता. आम्ही गाऊटवर औषध शोधलं नव्हतं. आमच्याच पाण्यातल्या घाणीवर शोधलं होतं.

प्रयोगशाळेचं पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रामागे एक मोठी बंद टाकी आहे. शुद्ध झालेलं पाणी तिच्यात साठतं आणि तिथून नळाला येतं. यंत्राच्या गाळण्या दरवर्षी बदलल्या जायच्या, टाकीकडे कोणी बघत नव्हतं, कारण शुद्ध पाण्याच्या टाकीत काय बघायचं. मी झाकण काढलं, बाही वर केली आणि आत हात घातला. भिंत जंतूंच्या थराने बुळबुळीत लागली, घाटावर पाण्याखालच्या पायरीला पाय लागतो तशी. तळाशी काहीतरी गोल होतं. बाहेर काढलं तर ती सुपारी होती. काळी पडलेली, मऊ झालेली, आणि तिला लाल दोऱ्याचा कुजका तुकडा गुंडाळलेला.

ती कोणाची हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा सरांना पूजा हवी होती, आणि घाटावरचे पंडितजी घरचेच असताना बाहेरचा कशाला आणायचा, म्हणून अण्णांना बोलावलं होतं. पूजा संपता संपता मला सरांनी प्रसाद वाटायला खाली पाठवलं होतं, म्हणून टाकीचं मी बघितलं नव्हतं. आमच्याकडे नव्या घरात पाण्याची टाकी बसली, की तिच्यात पळीभर गंगाजल घालतात आणि दोरा गुंडाळलेली सुपारी सोडतात. म्हणजे मग त्यात येणारं सगळं पाणी गंगेचं. अण्णांनी या गल्लीतल्या निम्म्या टाक्यांना हे केलं आहे. इथे तर त्यांच्या मुलीचं काम व्हायचं होतं.

सुपारी घेऊन मी सरांच्या खोलीत गेले आणि ती त्यांच्या टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. त्यांनी कागदाने ती बाजूला सारली.

"टंकी बदलवा देते हैं," ते म्हणाले. "रिसर्च पेपर में पानी का ज़िक्र करने की क्या ज़रूरत है?"

"सर, सत्रह नंबर काम नहीं करता."

"हमारी कंडीशन में तो करता है."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं, तुमची कंडिशन म्हणजे ही सुपारी. रोग्याला सुपारी देणार आहात का आधी? ते म्हणाले, आवाज़ धीमा रखिए. मी ठेवला नाही. बाहेर सगळे ऐकत होते, ऐकू देत म्हटलं. एवढ्या लोकांच्या पायांत खडे आहेत, माझ्या बापाच्या पायात आहेत, आणि तुम्हाला पाण्याचा उल्लेख टाळायचा आहे. दुसऱ्या दिवशी मी दक्षिणेतल्या लोकांना स्वतः लिहून कळवलं की तुमचं बरोबर होतं, आणि का बरोबर होतं. आमचा शोधनिबंध थांबला. सर माझ्याशी अजूनही गोड बोलतात, फक्त माझ्याकडे न बघता.

घरी सांगणं त्याहून कठीण गेलं. अण्णा पाटावर बसून वाती वळत होते. मी सुपारीचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "गंगेचं पाणी सडत नाही. देवघरातला गडू तुझ्या जन्माआधीचा आहे. आजही काढून बघ."

"सडण्याचा प्रश्न नाही, अण्णा. वास येत नाही म्हणून त्यात काही नाही असं नसतं."

"मग सगळे लोक पितात ते? मी रोज आंघोळ करतो ती?"

आणि मी भडकले. शहरातले नाले कुठे उतरतात ते सांगितलं. त्यांना ते माहीत आहे, त्या वाटेने ते रोज जातात. म्हटलं, गंगेला आई म्हणून हात जोडायचे आणि तिच्याच अंगावर सगळ्या गावाने घाण सोडायची, मग तेच पाणी तांब्यात भरून लोकांच्या टाकीत घालायचं. ज्यांनी नाले सोडले त्यांच्यावर मला ओरडायचं होतं. ते समोर नव्हते. समोर अण्णा होते.

ते वाती वळत राहिले. मग विचारलं, "म्हणजे सतरा नंबर नाही?"

"नाही."

"थोडासुद्धा नाही?"

"नाही, अण्णा."

त्यांनी अंगठ्याकडे बघितलं. सूज दोन दिवसांपूर्वी उतरली होती, कातडी अजून निघत होती. उठून फळीवरचं कात्रण काढलं, नीट घडी घातली आणि वातींच्या डब्याखाली ठेवून दिलं. मला त्यांनी ओरडायला हवं होतं. मी काय कमी ओरडले होते?

नवी टाकी आली ती थंडीत. आतून गुळगुळीत, झाकणाला घट्ट पेच, आणि या वेळी नळाआधी शेवटची बारीक गाळणीही बसवून घेतली. सरांना पुन्हा पूजा हवी होती. मी स्वच्छ नकार दिला. तेव्हा त्यांनी मला न सांगता अण्णांना फोन केला, आणि अण्णा अर्थातच हो म्हणाले. मला कळलं ते त्या सकाळी, अण्णांना पिशवी भरताना बघून. अंगठा पुन्हा सुजला होता.

"तुम्ही कशाला जाताय? कोण मेलंय तिथे?"

"यजमानाने बोलावलंय," एवढंच म्हणाले.

मी रागाने त्यांच्या शेजारी रिक्षात बसले. खड्ड्यात चाक आपटलं की ते दांडी घट्ट धरायचे. इमारतीला लिफ्ट आहे, ती बंद होती. वर पोचेपर्यंत त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

पिशवीतून त्यांनी अक्षतांची वाटी काढली, कुंकू, फुलं, उदबत्ती. तांब्या नव्हता. पळी नव्हती. आचमन त्यांनी आधीच बाहेर व्हरांड्यात उरकून घेतलं होतं, हातसुद्धा तिथेच धुऊन पुसले होते. पूजेत एखादी गोष्ट हाताशी नसली तर तिच्या जागी अक्षता वाहिलेल्या चालतात. वस्त्र नसेल तर अक्षता, अलंकार नसतील तर अक्षता. अण्णांनी स्नानालाही अक्षता वाहिल्या. पाण्याच्या देवतेची पूजा, आणि पाण्याचा थेंब नाही. मंत्र मात्र एक गाळला नाही. टाकीपासून हातभर लांब, जमिनीवर पाटावरच सगळं वाहिलं. मी दारात उभी होते. त्यांना वाकायला किती त्रास होतोय हे मला दिसत होतं, आणि सरांना फक्त तांब्या नसल्याचं दिसत होतं.

"पंडितजी, गंगाजल?"

"आज अक्षत," अण्णा म्हणाले आणि पुढचा मंत्र धरला.

सरांना चैन पडेना. त्यांचं म्हणणं त्यांनी मला आधीही ऐकवलं होतं, की सडली ती सुपारी, गंगाजल नव्हे. त्यांनी खिशातून प्लास्टिकची छोटी बाटली काढली, घाटावर मिळते तसली. टाकीच्या झाकणाचे पेच अजून घट्ट केलेले नव्हते. ते बाटलीचं बूच काढून, एका हाताने झाकण उचलून टाकीवर वाकले. मी दारातून ओरडणार होते. शब्द तोंडात आला होता.

त्याआधी अण्णा उठले. पाटावरून, त्याच पायावर जोर देऊन, आणि त्यांनी सरांचं मनगट धरलं.

"नको," ते म्हणाले. महाराष्ट्रातले यात्रेकरू सोडले तर घराबाहेर ते कोणाशी मराठी बोलत नाहीत, आणि सरांना मराठी येत नाही. सर हसले आणि हात सोडवायला गेले. अण्णांनी सोडला नाही.

"नको म्हटलं ना."

त्यांनी बाटली काढून घेतली, बूच लावलं आणि आपल्या पिशवीत टाकली. मग टाकीचं झाकण खाली बसवून त्याचे पेच आवळायला लागले, त्यांच्या हातात तेवढा जोर नव्हता तरी. ते झाल्यावर अक्षतांची वाटी त्यांनी सरांच्या पुढे केली.

सरांनी चिमूटभर अक्षता घेतल्या आणि पाटावर वाहिल्या. अण्णांनी भिंत धरली आणि मला हाताने खूण केली, की जरा खांदा दे, पाय टेकवत नाही.